शेवंतीच्या देव्हाऱ्यातली पाऱ्याची पिंड

“देवाला रात्रभर वाटीतल्या पाण्यात ठेव. सकाळी तेच तीर्थ घे. चुकवू नको हां, शेवंती.”

रमाबाईंनी म्हातारपणी असं सांगून मला सुनेच्या ओंजळीत दिलं. मित्रांनो, मी एक जुनी, पाऱ्याची महादेवाची पिंड आहे. कथलात पारा घोटून मला घडवलं. लालबागच्या चाळीतल्या देव्हाऱ्यात मी अठरा वर्षं राहिले. शेवंतीने नेम मोडला नाही. सोमवारी ती मला उघड्या बोटांनी घासायची. “काय लखलखते हो!” शेजारणी म्हणायच्या, आणि मी सुखावायचे.

तिने लाख वाती वळायचा संकल्प केला होता. निम्म्याहून जास्त वाती झाल्या आणि बोटं थरथरू लागली. कापूस वळेना. हिरड्या सुजल्या, झोप उडाली, माणसांची नावं आठवेनात. भजनाला जाणंही तिने सोडलं.

“टाळ हातात घेतला की आपसूक वाजतो गं,” ती नातीला, पूर्वीला म्हणाली. “बायका हसतात.”

रमाबाईंचेही हात शेवटी असेच थरथरत. सगळे म्हणत, वय झालं.

नातच तिला दवाखान्यात घेऊन गेली, आणि घरी येऊन तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, सकाळी आधी काय घेता?”

“पाऱ्याच्या पिंडीचं तीर्थ. मग चहा.”

तपासणीत लघवीत पारा निघाला. तो पाण्यातून, श्वासातून थोडा थोडा अंगात साचतो. मेंदूला, मूत्रपिंडांना इजा करतो. आता थांबवलंत तर हात पुष्कळ सुधारतील, असं डॉक्टर म्हणाले.

रोज सकाळी मी तिला काय देत होते, ते मला तेव्हा कळलं.

आता मी झाकणाच्या बरणीत असते. देव्हाऱ्यात माझ्या जागी सुपारी मांडली आहे. मला कुणी शिवत नाही.

“चौपाटीला विसर्जन करते,” शेवंती म्हणाली.

“आजी, पारा मासळीत जाईल. तुझ्याच ताटातल्या बांगड्यातून परत येईल.”

“मग देवाला कचऱ्यात टाकू?”

“नाही गं. डॉक्टरांनी पत्ता दिलाय, तिथे पारा नीट जमा करून घेतात. तिथेच देशील ना? शब्द दे.”

शेवंतीने माझ्या बरणीचं झाकण घट्ट केलं. “दिला.”

मित्रांनो, माझ्यासारखी पिंड घरात असेल तर ती झाकणाच्या बरणीत ठेवा, हात लांबूनच जोडा. तिचं पाणी पिऊ नका. मला जपू नका, मला पुजणाऱ्या माणसाला जपा.

आज सोमवार. शेवंतीने बरणी रमाबाईंच्या सोवळ्याच्या फडक्यात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि एकटीच जिना उतरली. स्टॉपवर आधी चौपाटीची बस आली. ती एक पाऊल पुढे झाली, मग थांबली. बस निघून गेली. पिशवी पोटाशी धरून ती डॉक्टरांनी दिलेल्या पत्त्याकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत उभी राहिली.