पिवळ्या पिशव्यांचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. आइस्क्रीम ठेवणारा नव्हे हं! मी रक्तपेढीतला. कारखान्यातून निघालो तेव्हा कामगार पाठ थोपटून म्हणाले होते, "हा गडी दगड गोठवेल!" बढाई नाही, खरं तेच सांगतो.

मधली पुष्कळ वर्षं मला कुणी विचारलं नाही. दारावर धूळ, डोक्यावर रिकामी खोकी. मग विषाणूची साथ आली आणि माझा भाव वधारला! आजारातून बरी झालेली माणसं आपल्या रक्तातला पिवळा द्रव, म्हणजे प्लाझ्मा, देऊ लागली. त्या विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं त्यात असतात. त्या पिशव्या मी पोटाशी धरल्या.

एका सकाळी वरच्या वॉर्डातल्या आजींसाठी रक्तगट जुळणारी शेवटची पिशवी निघाली. ताप कालच आलेला, पण दम्याने फुप्फुसं आधीच कमजोर. तंत्रज्ञ ताईंनी पिशवी कोमट पाण्यात वितळवली, तोच आजींचा मुलगा फोन घेऊन रक्तपेढीच्या खिडकीशी आला.

"आई नको म्हणते. तुम्हीच समजवा."

"अगं, मी चांगली हिंडतेफिरतेय," आजी फोनवर कडाडल्या. "ज्याचा जीव कंठाशी आलाय त्याला दे!"

"आजी, त्याला आता हिचा फारसा उपयोग नाही. विषाणू नुकताच शिरलाय तोवरच ही कामाची. तहान लागल्यावर विहीर खणायची का?"

"नको म्हटलं ना!"

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"बरं," ताई म्हणाल्या. "पण वितळलेली पिशवी परत गोठवता येत नाही. हिच्याशी रक्तगट जुळणारा दुसरा रुग्ण आत्ता नाही. वाया जाईल."

"वाया? देणाऱ्याने काय वाया घालवायला दिली? आण लवकर!"

आजींचा ताप उतरला, दम लागलाच नाही. घरी निघताना त्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "बघ, मला काही झालंच नाही."

"तेच तर हवं होतं," ताई हसल्या. "पण ते प्लाझ्मामुळेच, असं छातीठोक नाही सांगता येत."

ताईंना नसेल येत. मी सांगतो!

"दिली कुणी गं?"

"ते आम्ही सांगत नसतो, आजी."

आजी वळल्या. खुर्च्यांवर दाते बसले होते, कुणी ड्रायव्हर, कुणी शिंपी. आजींनी प्रत्येकासमोर थांबून हात जोडले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्याचं दार तेवढं नीट लावत जा. आणि मोठेपणी आजारातून उठलात, तर त्या खुर्चीवर येऊन बसा. तुम्ही दिलेला थेंबही मी वाया जाऊ देणार नाही.