रोज एक हात वर

माडावर चढणारे किहीममध्ये अजूनही चार-पाच जण आहेत, पण रत्नपालचं नाव पहिलं निघायचं. बावीस वर्षं तो माडांवर चढत होता. पायात दोर अडकवला, कमरेला कोयता खोवला की बघता बघता शेंड्याला. खाली उभ्या माणसाची तंबाखू मळून होईपर्यंत नारळ धपाधप पडायला लागायचे.

गेल्या वर्षी होळीच्या आधी कृष्णाजींच्या वाडीत तो पडला. शेवटचा माड होता. दमलेल्या हाताने त्याने वाळकी झावळ धरली, ती देठासकट सुटून आली आणि रत्नपाल खाली. पाल्याच्या ढिगावर पडला म्हणून जगला. मांडीचं हाड मोडलं, दोन फासळ्या गेल्या. मांडीत सळई घातली. पावसाळा सुरू होईतो तो काठी टाकून चालू लागला.

हाड जुळलं, पण माणूस जुळेना.

सकाळी जाग आली की छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. मग तो कूस बदलायचा आणि मोबाईल उघडायचा. अंगठ्याने चित्रं सरकवता सरकवता दुपार व्हायची. दाढी वाढली. ताटात वाढलेलं तसंच राहू लागलं. कुणी दारात आलं की तो भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचा.

त्याची बायको प्रांजली गावच्या अंगणवाडीत सेविका. तिने एक दिवस विचारलं, "अहो, पाय दुखतोय का?"

"न्हाय."

"मग उठत का नाही?"

"उठून काय करू?"

त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. पण आवाजात काहीच नव्हतं, आणि त्यालाच ती घाबरली. दुसऱ्याच दिवशी तिने रजा टाकली आणि त्याला अलिबागला, मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं.

"मी काय येडा हाय?" रत्नपाल उसळला. कित्येक महिन्यांनी उसळला.

"पाय मोडला तेव्हा दवाखान्यात गेलात. तेव्हा काय कुणी लंगडा म्हणून हसलं तुम्हाला? चला."

डॉक्टर मृणाल तिशीच्या असतील. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "रत्नपालभाऊ, गोळी तिचं काम करेल. तुमची चार कामं तुम्ही करायची. रोज एकाच वेळी उठायचं. कोवळ्या उन्हात चालायचं. मोबाईल निजायच्या खोलीत न्यायचा नाही. आणि घराबाहेरच्या एका माणसाशी रोज दोन वाक्यं बोलायची."

"एवढ्यानं काय होणार मॅडम? मनच लागत न्हाय."

"मन लागेपर्यंत थांबू नका. पाय आधी निघू देत. मन मागून येतं."

पहिल्या दिवशी तो शेजारच्या फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला. दुसऱ्या दिवशी नाक्यापर्यंत. तिथे मासळी विकणारी चंदाबाई बसली होती. दोन वाक्यांचं कर्ज फेडावं तसं तो म्हणाला, "बोंबील कसे दिले?"

"घ्यायचेत का नुसती चौकशी?"

"नुसती चौकशी."

चंदाबाई खळखळून हसली. "मग उद्या पन ये चौकशीला. माझी सकाळ बरी जाते."

घरी आल्यावरही आपल्या ओठांच्या कडा वरच आहेत, हे त्याला आरशात दाढी करताना कळलं. त्या दिवशी त्याने दाढी केली होती.

पंधरा दिवस बरे गेले. मग गणपतीनंतर असा पाऊस लागला की तीन दिवस सूर्य दिसला नाही आणि रत्नपाल पुन्हा अंथरुणात शिरला. मोबाईलही उशाशी आला. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "मोडलं सगळं. माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

प्रांजली तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "काल भात करपला. म्हणून आज शिजवायचा नाही का?"

तो अंथरुणातून उठला. मग छत्री घेऊन बाहेर पडला.

दसऱ्यापर्यंत तो समुद्रावर पार खडकापर्यंत चालू लागला होता. झोप लागत होती. पण कृष्णाजींच्या वाडीवरून जायची वाट तो टाळायचा. अर्ध्या मैलाचा वळसा घ्यायचा. एका सकाळी मात्र वळणावर पाय थबकले. 'किती दिवस पळणार?' असं स्वतःशीच म्हणत तो वाडीत शिरला.

सत्तरीचे कृष्णाजी झोपाळ्यावर एकटेच बसले होते. त्याला पाहून ते उभेच राहिले.

"तू आलास? मला वाटलं, माझं तोंड बघायचं न्हाय म्हणून तू या वाटेनं येत न्हायस."

"मला वाटलं, तुम्हालाच मी नको असेन. तुमच्या वाडीला बट्टा लावला मी."

"अरे, त्या दिवशी तू दमला होतास. मीच म्हटलं, एवढ्या एकाच माडाचे नारळ पाड. तेव्हापासून डोळा लागत न्हाय मला. उद्या माणूस बोलावलाय, तो माडच तोडून टाकतो."

"काका, तोडू नका." रत्नपाल पुढे झाला. "माडाचा काय गुन्हा? वाळकी झावळ मी धरली."

म्हातारा झोपाळ्याची कडी धरून ढसाढसा रडला. रत्नपालने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी सातला तयार राहा. माझ्यासंगं चालायचं. मन लागो न लागो."

दोघं रोज चालू लागले. परतताना रत्नपाल त्या माडाशी थांबायचा. आधी नुसता हात लावला. मग टेकून बसला. हाडांच्या डॉक्टरांनी चढायला हरकत नाही म्हटलं. प्रांजलीने अट घातली की कमरेला सुरक्षेचा पट्टा हवाच. पट्टा आला. पहिल्या दिवशी तो एक हात उंच चढला आणि उतरला. दुसऱ्या दिवशी दोन हात. कुणी हसलं तर कृष्णाजी काठी उगारायचे.

महाशिवरात्रीच्या आदल्या सकाळी तो म्हणाला, "काका, आज वरपर्यंत."

बातमी कशी पसरली कोण जाणे. चंदाबाई टोपली घेऊनच आली. प्रांजली अंगणवाडीला जायच्या आधी धावत आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली.

अर्ध्यावर त्याने खाली पाहिलं. छातीत धडधड सुरू झाली. खोडाला कपाळ टेकून तो थांबला. डॉक्टर मृणालनी शिकवला तसा लांब श्वास घेतला, सावकाश सोडला. धडधड गेली नाही. 'राहा तू,' तो त्या धडधडीला म्हणाला, 'पण मी चढणार.' आणि त्याने पुढच्या खाचेत पाय ठेवला.

शेंडा हाताला लागला तेव्हा समोर सगळा समुद्र उघडला. खांदेरी-उंदेरीची बेटं, मधून चाललेल्या होड्या. वारा अंगावरून सळसळत गेला. वर्षभर कुणी न पाडलेल्या नारळांचे घड लटकत होते. आधी त्याने वाळक्या झावळ्या एकेक करून कापून टाकल्या. मग ओरडला, "बाजूला व्हा रे सगळी!"

पहिला नारळ धप्पकन पडला आणि खाली एकच गलका उठला. चंदाबाईने शिट्टी मारली. कृष्णाजी काठी हवेत फिरवत नाचायचेच बाकी होते. प्रांजली रडत होती आणि हसत होती.

रत्नपाल उतरला. अंग घामानं निथळत होतं, पण डोळे लख्ख होते. प्रांजलीने पुढे केलेलं शहाळं त्याने एका दमात रिकामं केलं, पट्टा पुन्हा आवळला आणि वळून विचारलं,

"काका, दुसरा कुठला घेऊ?"