भागीचा राग

शहापुरातल्या एका संस्थेनं बायकांना मुखवटे करायला शिकवलं. जुनी वर्तमानपत्रं भिजवायची, मेथीचं पीठ घालून लगदा कुटायचा आणि साच्यावर थापायचा. हात बसल्यावर संस्थेच्या कुणाली मॅडमनी प्रत्येकीला एकेक भाव वाटून दिला. कुणाला आनंद, कुणाला भीती. उंबरमाळीकडच्या पाड्यावरून येणाऱ्या लहानीच्या वाट्याला राग आला.

"डोळे वटारलेले, दात विचकलेले कर," मॅडम म्हणाल्या.

लहानीनं मान डोलावली, पण तिच्या डोळ्यांपुढे जाऊबाई उभी राहिली, भागी. गेल्या वैशाखात पाड्याचा टँकर वाटेतच एका फार्महाऊसकडे वळला होता. तिथला पोहायचा तलाव भरायचा होता म्हणे. दोन तास उन्हात ताटकळलेली भागी रिकामा हंडा कमरेवर घेऊन नुसती बघत राहिली. ओरडली नाही, रडली नाही. ओठ मात्र असे मिटले होते की जबड्याचं हाड वर आलं होतं. लहानीनं तोच चेहरा घडवला. ओठ जमेनात, म्हणून तीनदा लगदा उतरवून पुन्हा थापला.

मुखवट्यांच्या विक्री-प्रदर्शनाच्या दिवशी ती भागीला हट्टानं शहापूरला घेऊन आली. हॉलमध्ये शिरताच लहानीचे पाय थबकले. तिच्या मुखवट्याच्या मिटल्या ओठांवरून कुणीतरी कानापर्यंत लालभडक हसू ओढलं होतं.

"लहाने, ही कोन गो?" भागीनं विचारलं.

लहानीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मॅडम, हे कोनी केलं?"

"मीच करून घेतलं. असलं रागीट तोंड दिवाणखान्यात कोण लावणार? आता बघ, किती गोड दिसतंय!"

"हा माझ्या जावेचा चेहरा हाय. ही बघा, इथं उभी हाय. हिच्या वाटचं पानी पळवलं, तेवा हिनं मुकाट गिळलं. आता तुमी तिला हसायला बी लावता? तुमी कोन?"

मॅडमचा चेहरा उतरला.

"आवाज खाली कर. मुखवटा संस्थेचा आहे. कागद आमचा, रंग आमचा."

"मग तुमचा रंग तेवढा ठेवून घ्या!"

लहानीनं मुखवटा खाली घेतला आणि हातातल्या पाटलीच्या कडेनं ते हसू खरवडायला लागली. लाल भुगा मॅडमच्या टेबलावर पडत राहिला. रंगाबरोबर ओठांचा कागदही सोलवटला. मग मुखवटा पदराखाली घेऊन ती बाहेर पडली. तिला कुणी अडवलं नाही.

घरी आल्यावर अंगणात बसून भागीनं मुखवटा मांडीवर घेतला, सोलवटलेल्या ओठांवर बोट टेकवलं.

"मी अशी दिसत व्हते?"

"व्हय."

"आनि तरी कोनाला कळलं नाय?"



पुढच्या मंगळवारी टँकर पुन्हा फार्महाऊसच्या फाट्याला वळू लागला. रांग सोडून भागी धावली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. शाम ड्रायव्हरनं हॉर्नवर हॉर्न वाजवला.

"बाजूला हो गो, वरून ऑर्डर हाय!"

"घाल अंगावर!" भागी ओरडली. तिचा असा आवाज पाड्यानं कधी ऐकला नव्हता. "नायतर आदी आमचे हंडे भर. तलावाला तहान लागत नाय, शाम्या!"

एकेक करून सगळ्या बायका तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. शामनं फोन लावला, शिव्या खाल्ल्या, शेवटी गाडी मागे घेतली.

पहिला हंडा भागीचा भरला.