चौथा पाय

"सूप संपलं की मी विषय काढतो," हॉटेलच्या पायऱ्या चढताना दादा माझ्या कानात म्हणाला. "तू फक्त मान हलव."

विषय बाबांचा होता. ते वहिनीबरोबर पुढे चालत होते. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात, आणि गेल्या महिन्यात ते शिडीवरून पडले. शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी तिरकी दिसते म्हणून चढले होते. शेजारी घरातही नव्हते. पाटी सरळ झाली, बाबांचं मनगट मुरगळलं. तेव्हापासून दादाने बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं मनावर घेतलं होतं, आणि तीन ठिकाणांची माहितीपत्रकं त्याच्या बॅगेत होती. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मी प्रयोगशाळेत काम करते. पुरावा अपुरा असला की गप्प बसायची मला सवय आहे.

आम्ही बसलो. बाबांनी कोपर टेकवलं आणि टेबल डुगडुगलं. वहिनीने डोळे मिटून घेतले.

बाबांनी अडतीस वर्षं कारखान्यात यंत्रं समपातळीत बसवली. त्यांच्या खिशात अजूनही बोटाएवढी पाणसळ असते: काचेची नळी, आत हिरवं पाणी आणि एक बुडबुडा. ती त्यांनी मीठदाणीशेजारी ठेवली. बुडबुडा टोकाला पळाला.

"उठा सगळे," बाबा म्हणाले.

"बाबा, आपल्याला जेवायचंय. यंत्र नाही बसवायचं," दादा म्हणाला.

"उठ म्हटलं ना."

चौकोनी टेबल जागच्या जागी फिरवत गेलं की बहुधा कुठेतरी चारही पाय टेकतात. मला हे गणिताने माहीत आहे, बाबांना हाताने. ते टेबल फिरवत होते आणि आम्ही आपापल्या खुर्च्या उचलून त्याच्याभोवती फिरत होतो. वेटर सूपचे चार वाडगे घेऊन आला आणि ज्याचं सूप त्याच्यापुढे ठेवायचं म्हणून तोही आमच्यामागून फिरू लागला. पाव फेरी झाली तेव्हा दादा खांबाला चिकटला होता आणि वहिनी जवळजवळ शेजारच्या कुटुंबात बसली होती.

"फरशीचा दोष नाही," बाबांनी निदान केलं. "हा चौथा पाय आखूड आहे. जाड कागद द्या कोणीतरी."

वेटरने कागदी रुमाल दिला. "दबतो," म्हणत बाबांनी तो परत केला. दादाने स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं. बाबांनी ते उलटसुलट पाहिलं. "तुझं पद भारी आहे रे, पण कार्ड पातळ आहे."

वहिनीला भूक लागली होती. तिने दादाच्या बॅगेत हात घातला आणि हाताला लागलं ते जाड पत्रक न बघताच बाबांना दिलं. वरच्या चित्रात एक पांढऱ्या केसांचं जोडपं फुगे घेऊन हसत होतं. बाबांनी त्या जोडप्याच्या चार घड्या केल्या आणि पायाखाली सारल्या.

"वा! याला म्हणतात कागद!"

बुडबुडा मधोमध येऊन थांबला. दादाच्या चमच्यातलं सूप वाडग्यात परत गेलं.

"अहो, मला काय माहीत कुठला कागद!" वहिनी त्याच्याकडे न बघता पुटपुटली.

इतक्यात शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "काका, आमचंही बघता का? मघापासून हलतंय."

बाबा उठलेच. पलीकडचंही एक डुगडुगत होतं. "आहे का रे आणखी तसला?"

"नाही," दादा म्हणाला आणि त्याने बॅग मांडीवर घेतली.

बाबांनी शेजारचं टेबल एका बाजूने उचलून पाहिलं, तेही त्याच मुरगळलेल्या हाताने. वर चार भरलेले पेले होते. एक थेंब सांडला नाही. मला पुरावा मिळाला.

"आहेत, बाबा. अजून दोन आहेत," मी म्हणाले आणि दादाच्या मांडीवरच्या बॅगेतून ते काढून दिले.

"तू पण!" दादाने डोळे वटारले.

"चकचकीत कागद दबत नाही," मी म्हणाले.

मग मॅनेजर आला. आता आपल्याला बाहेर काढतात, असं मला वाटलं. पण तो हळूच म्हणाला, "काका, स्वयंपाकघरातलं टेबल तीन वर्षं झाली तिरकं आहे. बटाटे घरंगळतात हो." बाबा त्याच्याबरोबर आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या बाहीला पीठ लागलं होतं.

"बेचाळीस टेबलं आहेत यांची," ते खुर्चीत बसत म्हणाले. "दर सोमवारी या म्हणतो. जेवण फुकट."

दादाने घसा खाकरला. "बाबा, मला जरा बोलायचं होतं."

"बोल की." बाबांनी पाणसळ रुमालाने पुसली. "त्या तिन्ही ठिकाणी जाऊन आलास का?"

दादा बॅगेची चेन ओढत राहिला.

"टेबलं कशी आहेत तिथली?"

"टेबलं... नाही बघितली."

"मग आधी बघून ये. ही ने बरोबर." त्यांनी पाणसळ दादाच्या हातावर ठेवली. "सोमवारच्या आत परत दे. मला कामावर जायचंय."

"शिडी मात्र मी घेऊन जाणार," मी म्हणाले.

बाबांनी बराच वेळ विचार केला.

"ने," ते शेवटी म्हणाले. "स्टूल ठेव."

"स्टूलही नाही!" वहिनी, दादा आणि मी एकदमच ओरडलो. टेबल जराही हललं नाही.