नीलम्माला राखताना

मुरुमचा भीमाशंकर गाडीवान होता. तुरीची, करडईची पोती लादून अक्कलकोटपर्यंत जायचा. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावरच. त्रेचाळीस सालच्या माघात करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्याअलीकडं उताराला गाडी कलंडली आणि त्याचा डावा पाय नडगीत मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून बजावलं, "दीड महिना जागचं हलायचं न्हाय."

त्यातच ज्वारीची काढणी आली. त्याची बायको सिद्धम्मा काढणीला गेली नाही, तर घरात दाणा येणार नव्हता. प्रश्न होता चौदा महिन्यांच्या लेकीचा, नीलम्माचा. शेजारची कडूबाई दुपारी येऊन लेकराला धुऊन-पुसून, दूध-भाकरी चारून जायला तयार होती. पण दिवसभर लेकरामागं धावणं तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं.

"म्या राखतो," भीमाशंकर म्हणाला.

सिद्धम्मानं त्याच्या पायाकडं बघितलं. "ती रांगती. तुम्ही उठणार कसं?"

"न्हाय उठत. तिलाच माझ्यापाशी बसवतो."

सिद्धम्मानं चूल विझवली, रांजणावर जड झाकण ठेवलं, दाराला आडवी फळी लावली आणि ती गेली.

नीलम्माला हा माणूस नीट ठाऊकच नव्हता. त्याच्या मिशा बघून तिनं जो भोंगा पसरला, तो कडूबाई येईपर्यंत. भीमाशंकरनं गुणगुणून बघितलं, तर रडणं वाढलंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं कडब्याची धाटं मागवून घेतली. लहानपणी धाटांच्या गाड्या करण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. सकाळभर खपून त्यानं गाडी केली, बैल जुंपले. नीलम्मानं एका बैलाची शिंगं चावून बघितली, थुंकली आणि पाण्याच्या तांब्यावरचं झाकण घेऊन जमिनीवर आपटत बसली. भीमाशंकरला आधी वाईट वाटलं. मग त्याचं त्यालाच हसू आलं.

त्या दिवसापासून तो नुसतं बघायला लागला. बैलाला काय हवं ते बैलच सांगतो, बघणारा पाहिजे, असं तो इतर गाडीवानांना सांगायचा. लेकराकडं मात्र त्यानं कधी असं बघितलं नव्हतं. त्यानं सिद्धम्माकडून वाट्या, थोडी ज्वारी घातलेलं टोपलं, परात, अरुंद तोंडाचं एक मडकं असं काहीबाही हाताशी मागून घेतलं. एका वेळी एकच वस्तू द्यायची. तिचा जीव उबगला की ती वाकळंखाली दडवायची आणि दुसरी काढायची. सकाळी दडवलेली वाटी दुपारी नवी होऊन यायची. सगळ्यांत गंमत पटक्याची. तो आपला लांबलचक पटका मडक्यात कोंबायचा आणि टोक तेवढं बाहेर ठेवायचा. नीलम्मा ओढायची, ओढायची, पटका काही संपायचा नाही. संपला की ती रिकाम्या मडक्यात डोकावायची आणि बापाकडं बघायची. तो पुन्हा कोंबायचा. कोंबताना रस्त्यावरच्या गावांची नावं एकेक करून तिला सांगायचा.

एका बाजारदिवशी कडूबाई घाईत गेली आणि फळी लावायची राहिली. भीमाशंकर मान खाली घालून पटका कोंबत होता. वर बघतो तर नीलम्माचा हात उंबऱ्यावर. पलीकडं दोन उंच पायऱ्या, आणि बोळातून गाड्या चाललेल्या.

त्याच्या तोंडाशी हाक आली. पण आदल्या दिवशीच ओरडल्यावर ती खिदळून आणखी जोरात रांगत सुटली होती. त्यानं हाक गिळली, तोंड फिरवलं, परात पुढ्यात ओढली आणि टोपल्यातली तांब्याभर ज्वारी उंचावरून हळूहळू ओतायला लागला. दाणे सर्रकन वाजले.

"एक गाडी खाली झाली," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. तांब्या भरला, पुन्हा ओतला. "दुसरी आली."

मागं काही हालचाल नव्हती. तरी त्यानं वळून बघितलं नाही. तिसऱ्या वेळी जमिनीवर तळवा आपटल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग त्याच्या धड मांडीवर इवलंसं ओझं टेकलं आणि एक हात दाण्यांत शिरला. त्यानं तिच्या पोटाभोवती हात घातला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

संध्याकाळी त्यानं सगळं सांगितलं. सिद्धम्मानं दाराची फळी हलवून बघितली. मग म्हणाली, "उद्या म्या जात न्हाय."

"जा तू. फळीला दोरी बांध आन् टोक माझ्या हातात दे. कुणी इसरलं तरी बसल्या जागेवरनं म्या फळी वढून लावीन."

तिनं तशी दोरी बांधली. काढणी पार पडली.

चैत्रात कामट्या सुटल्या. भीमाशंकर काठी टेकत अंगणात फिरायला लागला, आणि त्याच आठवड्यात नीलम्माही भिंत धरून उभी राहिली. वीरप्पा अडत्यानं अक्कलकोटच्या मालासाठी निरोप धाडला. भीमाशंकरनं उलट सांगून पाठवलं, की औंदा जवळच्या उमरग्यापलीकडं गाडी जाणार नाही.

"लांबची गिऱ्हाइकं तुटतील," सिद्धम्मा म्हणाली.

"व्हय, तुटतील," तो म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

पहिल्या दिवशी उमरग्याहून तो दिवस मावळायच्या आत परतला. नीलम्मा दारात आईच्या कडेवर होती. त्यानं अजून जूही उतरवलं नव्हतं, तोच तिनं त्याच्याकडं दोन्ही हात पसरले.