दोघांनी खेळायचा डेमो

शौनक आणि मी दर रविवारी दुपारी व्हिडिओ करतो. कसबा पेठेत आमच्या घराखाली आठवडाभर तांब्याची भांडी ठोकली जातात, त्यामुळे माइक लावायचा तर रविवारच. नवरा-बायको शेजारी बसून गेम खेळतात आणि भांडतात, एवढंच आमच्या चॅनेलचं भांडवल. लोक म्हणतात, काय छान जोडी आहे. गेल्या वर्षभरात आम्ही एकमेकांशी जे काही धड बोललो ते कॅमेऱ्यासमोरच, हे लोकांना कुठे माहीत?

म्हणून मी 'लाँग रोप'च्या दुसऱ्या भागाची वाट बघत होते. पहिला भाग आम्ही लग्न झाल्या झाल्या खेळलो. डोंगर चढणारे दोघं आणि दोघांच्या कमरेला एकच दोर. दोघांनी एका पडद्यासमोर बसूनच खेळायचा, एकट्याने खेळायची सोयच नाही. शौनक कायम पुढे. माझी तयारी व्हायच्या आत तो उडी मारायचा, मी मागून फरफटत जायचे आणि आम्ही दोघं दरीत. "अस्मिता, झोपलीस का गं?" हे त्याचं वाक्य इतकं गाजलं, की मंडईत भाजी घेतानाही पोरं मला ते ऐकवायची. मला राग यायचा, पण हसून हसून पोटही दुखायचं. दुसऱ्या भागाचा डेमो, म्हणजे आधी चाखायला दिलेला छोटा तुकडा, येतोय असं कळलं तेव्हा वाटलं, हा खेळलो की आपण पुन्हा तसे होऊ. वेडी आशा होती. नवऱ्याला परत मिळवायला मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आमच्या चॅनेलचा एक नियम आहे. पहिला अनुभव म्हणजे पहिलाच. आधी कोणाचा व्हिडिओ बघायचा नाही, स्वतः गुपचूप खेळून बघायचं नाही. जे काही वाटेल ते कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा वाटलं पाहिजे. नियम शौनकनेच केलेला. डेमो शुक्रवारी आला तरी मी त्याला हात लावला नाही. शनिवारी तर ज्यावर गेम खेळतो तो कन्सोलच घरात नव्हता. त्याच्या आतला पंखा घरघरतो म्हणून शौनक तो सकाळीच बुधवार पेठेत दुरुस्तीला घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला.

रविवारी रेकॉर्डिंग सुरू केलं, तर पंख्याची घरघर तशीच. "पुण्यात दुरुस्तीला दिलेली वस्तू नुसती हवापालट करून येते," मी म्हटलं. शौनक जरा जास्तच हसला.

डेमो सुंदर होता, हे कबूल करायला हवं. या वेळी डोंगरावर बर्फ होतं आणि त्यावर पाय पडला की कुरकुर आवाज यायचा. दोराला आता खरं वजन होतं, ओला झाला की तो जड व्हायचा. मी हे सगळं माइकमध्ये भराभर सांगत होते. खूप दिवसांनी शौनकचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि मला बरं वाटत होतं.

मग कड्यावरून एक दगड सुटला. तो पडद्यावर दिसायच्या आधीच शौनक डावीकडे सरकला होता.

"अरे बापरे, वाचलो," तो म्हणाला. मी या माणसाला चांगली ओळखते. खरा दचकला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मला वाटलं, चोरून कोणाचा तरी व्हिडिओ बघितला असणार. म्हटलं, कॅमेरा बंद होऊ दे, मग बघते तुझ्याकडे.

पुढे दरी आली. सवयीने मी दात आवळून बसले, आता हा उडी मारणार आणि मी फरफटणार. शौनक कडेला जाऊन उभा राहिला. बटणावरचा अंगठासुद्धा त्याने उचलून घेतला होता.

"घाई नाही," तो म्हणाला. "तू तयार झालीस की सांग."

पुढच्या दरीलाही तो थांबला. त्याच्या पुढच्या दरीला तर मी न सांगता तो एक पाऊल मागे आला, म्हणजे माझा दोर सैल पडेल आणि मला उडी सोपी जाईल. दगड कुठे पडतो ते व्हिडिओ बघून कळतं. हे नाही कळत. हे हाताला येतं ते शेजारी बसलेलं माणूस पुन्हा पुन्हा पडत असेल, आणि त्याचं पडणं आपल्याला आवडत असेल, तेव्हा. कन्सोल शनिवारी बुधवार पेठेत गेलाच नव्हता, हे मला तिथे, त्या बर्फात कळलं.

मी खेळत राहिले. दुसरं काय करणार होते? शिखरावर पोचून डेमो संपला. आमच्या पद्धतीप्रमाणे शेवटी दोघांनी आपापलं मत सांगायचं असतं. शौनक म्हणाला, "या भागात घाई करून चालत नाही. सोबतच्याकडे बघावं लागतं. मला ते फार आवडलं." मी म्हटलं, "बर्फ छान आहे." आणि कॅमेरा बंद केला.

"कोणाबरोबर खेळलास?" मी विचारलं.

त्याने माइकची वायर गुंडाळायला घेतली. मग म्हणाला, "कादंबरी. ऑफिसातली. तुला सांगणारच होतो."

"फार पडते का रे ती?"

"हो," तो म्हणाला. "तिने कधी कंट्रोलर हातातसुद्धा धरला नव्हता." हे सांगताना त्याचा चेहरा इतका मऊ झाला, की पुढचं काही विचारायची गरज उरली नाही. माझ्या मनात एकच गोष्ट होती आणि ती मी बोलले. "माझ्यासाठी तू कधीच थांबला नाहीस, शौनक." तो म्हणाला, "तुला कधी गरजच लागली नाही, अस्मिता." थोड्या वेळाने तो एक बॅग भरून खडकीला भावाकडे गेला. भावाकडे, असं तो म्हणाला.

व्हिडिओ कापायचं, जोडायचं काम नेहमी माझंच असतं. नुसतं बसवत नव्हतं, म्हणून तेच करत बसले. त्याचं ते दरीच्या कडेला उभं राहणं किती वेळा पुढे-मागे करून बघितलं, आणि प्रत्येक वेळी रडले. मग डोळे पुसले आणि दिवेलागणीच्या सुमारास व्हिडिओ टाकून दिला. लोक वाट बघत होते.

पहिली कमेंट शहेजादची आली. आमचा जुना प्रेक्षक आहे, एकही रविवार चुकवत नाही. त्याने लिहिलं होतं, "दादा आता वहिनींसाठी थांबायला लागले. बघून फार बरं वाटलं."

कमेंटना उत्तरं देण्याचं कामही माझंच. मी लिहिलं, "हो. शिकला एकदाचा."