नाक्यावरची भावी डॉक्टर

आनंदाची धाकटी लेक किशोरी लग्न होऊन उरणला गेली, त्या साली माझा जन्म झाला. हळदीचा बेंजो अजून गावाच्या कानात वाजत होता. मांडवाचे बांबू अंगणात तसेच पडले होते. त्यातलेच चार उचलून त्यांची चौकट केली आणि मला तिच्यावर ताणले.

मित्रांनो, मी एक जुना बॅनर आहे. आज मला पाहिलेत तर तुम्ही ओळखणार नाही. माझे रंग उडाले आहेत, एक कोपरा कापलेला आहे आणि माझ्यावरच्या मुलीचे आता फक्त केस आणि दात दिसतात. पण एके काळी गावात येणारा प्रत्येक माणूस मान वर करून मला वाचत असे.

पनवेलमध्ये कमलाकर नावाच्या माणसाचे बॅनर छापायचे दुकान आहे. तिथे आनंदाचा मुलगा निकेश पेढ्यांचा पुडा घेऊन आला. निकेशचा रेती-खडीचा धंदा. त्याची मुलगी मनस्वी दहावीला नव्वदच्या वर गेली होती. घराण्यात एवढे गुण आजवर कुणाला पडले नव्हते. त्याने मोबाइलमधला फोटो पुढे केला. किशोरीच्या हळदीतला होता. मनस्वी पिवळ्या साडीत होती, गालाला हळद लागली होती आणि ती तोंड भरून हसत होती.

"दादा, डॉक्टर लिहायचं म्हणता, पण यात डॉक्टरचा कोट कुठे आहे?" कमलाकरने विचारले.

"मग तू घाल ना. तुझ्या कंप्युटरात काय कमी हाय?"

"सायन्स ठरलंय ना पण तिचं?"

"त्यात ठरवायचा काय? नव्वदच्या वर जाऊन आर्ट्सला कोण बसतो?"

कमलाकरने कुठून तरी एक धड शोधले. पांढरा कोट, गळ्यात छातीवर लावायची ती नळी. त्यावर त्याने मनस्वीचे डोके बसवले. धड पुरुषाचे होते. मनगटावर जाडजूड घड्याळ होते आणि हातावर केस होते. घाईत ते कुणी पाहिले नाही. खाली मोठ्या अक्षरांत 'भावी डॉक्टर' आणि त्याखाली मनस्वीचे नाव छापले. आमच्या भागात हा 'भावी' फार सढळ हाताने वाटतात. ज्याला अजून तिकीटही मिळालेले नाही तो भावी नगरसेवक असतो. माझ्या शेजारच्या खांबावर तसले दोघे होतेच. पण त्यांनी निदान स्वतःचा बॅनर स्वतः लावला होता. मनस्वीला कुणी विचारले नव्हते.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. मीही भोळा, मला वाटे, आपण या घराची शोभा आहोत. चहाच्या टपरीवरची माणसे मनस्वीला लांबून हाक मारत.

"ओ डॉक्टरीणबाय, माझा गुडघा बघतेस का?"

"त्याचा गुडघा नको बघू, आधी त्याची जीभ बघ. लई चालते."

मनस्वी हसून पुढे जाई. तिची मैत्रीण दिपिका मात्र माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "मने, हातावरचे केस तेवढे काढ गो. डॉक्टर झालीस तरी पार्लरला जायचंच असतं."

आता आनंदाबद्दल सांगतो. तो मनस्वीचा आजा. त्याचे सगळे आयुष्य मिठागरात गेले. खाऱ्या पाण्यात उभे राहून त्याच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. शाळेचे तोंड त्याने पाहिले नव्हते. मनस्वी आठवीत असताना तिने त्याला अक्षरे शिकवायला घेतली. पाटीवर त्याचा हात थरथरे, पेन्सिल मोडे. मग तिने एक युक्ती काढली. जेवणाच्या ताटात जाडे मीठ पसरले आणि म्हणाली, "आजा, पेन्सिल राहूदे. बोट फिरवा. मीठ तुमच्या वळखीचं हाय." आनंदा मिठात बोटाने अक्षर काढी. चुकले तर ताट हलवले की पुसले जाई. वर्षभरात तो स्वतःचे नाव लिहू लागला. त्या वर्षातच मनस्वीने मनाशी ठरवले होते की आपण शिक्षिका व्हायचे. कला शाखा घ्यायची, मराठी घ्यायचे, पुढे बी.एड. करायचे. ती हे फक्त दिपिकाशी बोलली होती. घरी सांगणार, तेवढ्यात मी नाक्यावर उभा राहिलो.

अकरावीला निकेशने तिचे नाव विज्ञान शाखेत घातले. कॉलेज नावापुरते, खरे शिक्षण खारघरच्या क्लासमध्ये. श्रावणात एके संध्याकाळी मनस्वी आणि दिपिका माझ्या खाली बोलत उभ्या होत्या. दिपिका पनवेलच्या कॉलेजात कला शाखेला गेली होती.

"आमच्याकडे जागा आहेत अजून," दिपिका म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, शाखा बदलून मिळते. पण या आठवड्यात. आणि घरच्यांची सही लागेल."

"पप्पा नाय देणार. आजाला सांगते. आजाचं ते ऐकतात."

"मग सांग ना. कवा सांगणार?"

"आज."

तेवढ्यात समोरून आनंदाच काठी टेकत आला. मनस्वी त्याच्याकडे चालू लागली. पण आनंदा माझ्यापाशी थांबला आणि मान वर करून माझ्याकडे पाहू लागला. रस्त्यावरचे काही त्याने आजवर वाचले नव्हते. तो वाचे ते फक्त ताटातल्या मिठात. त्याचे ओठ हलले. "भा... वी..." तो म्हणाला. मग 'डॉक्टर'मधल्या जोडाक्षरापाशी अडला. परत मागे गेला, परत पुढे आला. टपरीवरची माणसे वळून पाहू लागली. शेवटी शब्द त्याच्या तोंडातून पुरा बाहेर पडला. मग त्याने खालचे नावही वाचले.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्याने नातीचा हात धरला.

"तू शिकवलास म्हणून वाचला गो बाय. आता मी मरायला मोकला."

मनस्वी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"तू कायतरी सांगाया आलेलीस ना?" त्याने विचारले.

"काय नाय आजा. चला घरी."

दिपिका तिथेच उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. तशा नजरेने मला त्याआधी कुणी पाहिले नव्हते. त्या आठवड्यात सही झाली नाही.

गणपतीत शुभेच्छांचे नवे बॅनर आले आणि मला खांबावरून उतरवले. निकेश मला घरी घेऊन आला. मागच्या पडवीचे पत्रे गळत होते. तिथे मला नायलॉनच्या दोरीने चारही कोपऱ्यांना बांधले, छापील बाजू खाली. त्याच पडवीत मनस्वीचे टेबल होते. म्हणजे ती अभ्यासाला बसली आणि मान वर केली की वर तिचेच हसरे डोके आणि ते परके धड. पुढे ती मान वर करीनाशी झाली.

ती अभ्यास करत नव्हती असे समजू नका. ती पहाटेपासून बसे. सूत्रे पाठ करी, वह्या भरी. पण जी मुलगी ताटभर मिठातून म्हाताऱ्याला वाचायला शिकवते, ती या टेबलाशी मुकी झाली होती. क्लासच्या परीक्षेचे गुण निकेशच्या मोबाइलवर येत. तो जेवताना ते वाचून दाखवी आणि आई नीता गुपचूप मनस्वीच्या ताटात आणखी एक भाकरी टाकी. बारावी पार पडली. डॉक्टरकीच्या परीक्षेत गुण फार कमी पडले. निकेश म्हणाला, एक वर्ष थांबून पुन्हा देऊ. पुन्हा दिली. गुण आणखी कमी झाले. नाक्यावर आता तिला गुडघा बघायला कुणी सांगत नव्हते. ती दिसली की माणसे चहाच्या पेल्यात पाहू लागत.

त्या निकालानंतर आनंदा पडवीत तिच्याजवळ येऊन बसला.

"काय झाला गो बाय? मनातला सांग."

तेव्हा तिने सांगितले. शिक्षिका व्हायचे होते ते, आणि श्रावणातल्या संध्याकाळी त्याला काय सांगायला निघाली होती तेही.

"मग बोलली का नाय?"

"तुमी वाचत होतात आजा. रस्त्यात उभे राहून पयल्यांदा वाचत होतात. मी कशी बोलू तवा?"

आनंदाने वर माझ्याकडे पाहिले. कोनाड्यातला कोयता घेतला, स्टुलावर चढला आणि माझा एक कोपरा कापला. दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत त्याचा दम पोहोचला नाही. मनस्वीने त्याला धरून खाली बसवले. मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. त्याने मला सगळा उतरवला असता तर बरे झाले असते.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने निकेशला पडवीत बोलावले.

"पोरीला मास्तरीण व्हायचा हाय. हौदे तिला. बारावी झालीय, अजून वाट हाय."

"आता? बाबा, गावाला काय सांगू मी?"

"गावाला सांग, बॅनर बापाचा होता. पोरीचा नव्हता."

निकेश वाईट माणूस नाही. त्याची आई कृष्णाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या गेली होती, डॉक्टर तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. तेव्हापासून घरात एक डॉक्टर हवा हे त्याच्या डोक्यात बसले होते. तो म्हणाला, "आणखी एकच वर्ष. या वेळेला होईल." आणि उठून डंपरच्या केबिनमध्ये जाऊन बसला. गाडी चालू केली नाही, नुसता बसून राहिला.

नवरात्रात आनंदाने अंथरूण धरले. तो रोज तेच विचारी आणि निकेश रोज म्हणे, "तुमी बरे व्हा बाबा, मग बघू." आनंदा बरा झाला नाही.

त्याच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी कमलाकरच्या दुकानातून नवा बॅनर आला. माझाच धाकटा भाऊ म्हणा. निकेशने तो पडवीत, माझ्या खाली उलगडून पाहिला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये आनंदाचा टोपीतला फोटो, खाली शोकाकुल मंडळींची नावे. मनस्वी ती नावे वाचत खाली आली आणि शेवटच्या ओळीपाशी थांबली. तिथे छापले होते : 'नात, भावी डॉक्टर मनस्वी'.

"पप्पा, हे काय?"

"बाबांनी पयला वाचलेला तेच होता गो," निकेश म्हणाला. "किती आनंद झालेला त्यांना. मला टपरीवाल्यांनी सांगितला. त्यांच्या बॅनरवर तेवढा तरी राहूदे."

मनस्वीने खुर्चीवरची बॅग उचलली आणि खारघरच्या बसला निघून गेली. तिसऱ्या खेपेच्या परीक्षेचा क्लास सुरू झाला होता. निकेशने नवा बॅनर गुंडाळून काखेत मारला आणि तो नाक्याकडे गेला.

मी अजून तीन कोपऱ्यांवर लटकतो आहे. मित्रांनो, माझी तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना एकच विनंती आहे. माझ्यासारख्याला नाक्यावर चढवण्याआधी मुलाला एकदा घरात बसवून विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा. आम्हाला चढवायला एक दुपार पुरते. उतरवणे एकट्या म्हाताऱ्या माणसाला जमत नाही.

आनंदा मिठागरवाला वसुबारसेच्या दिवशी सकाळी वारला. किशोरीच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षे झाली होती.